दिवे लावले की काटे का चढतात

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. 1997ची मारुतीची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली, गुहागर भागातली. दिवसा सगळे मीटर व्यवस्थित चालतात. रात्री हेडलाइट लावून निघालं की दोन-चार मिनिटांत टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकतो आणि पेट्रोलचा काटा ‘फुल’च्याही पुढे जातो. डॅशबोर्डचा उजेड मिणमिणता असतो आणि इंडिकेटर दिला की तोही लुकलुकतो. गाडी एखाद्या खड्ड्यात आदळली की सगळं सुधारतं, पाच-दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. आतापर्यंत टेम्परेचरचा सेन्सर बदलून झाला, थर्मोस्टॅट काढून टाकला, रेडिएटर उघडून साफ केला. आता मेकॅनिक म्हणतो, टाकीतलं युनिट (पेट्रोलची पातळी मोजणारा सेन्सर) बदलू. बदलावं का?

नको. टाकीला हातसुद्धा लावू नका. तुमच्या गाडीला एकच आजार आहे आणि तो मीटरच्या अर्थिंगचा आहे. गाडी न बघता इतक्या ठामपणे मी सहसा बोलत नाही, पण लक्षणंच तुम्ही अशी लिहिली आहेत की दुसरं काही सुचत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती आज रात्री बघा. गाडी अंधारात उभी करा, चावी ऑन करा, पार्किंग लाइट लावा, इंडिकेटर बंद ठेवा. मीटरमधले इंडिकेटरचे दोन्ही हिरवे बाण अगदी मंद, काजव्यासारखे उजळलेले दिसतात का? दिसले तर माझं निदान पक्कं समजा.

हे का होतं ते सांगतो, कारण एकदा समजलं की कोणत्याही जुन्या गाडीच्या डॅशबोर्डला तुम्ही घाबरणार नाही.

त्या काळच्या मीटरचा काटा चुंबकाने नव्हे, उष्णतेने हलतो. आत दोन धातूंची एकत्र जोडलेली बारीक पट्टी असते, तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. म्हणून चावी फिरवल्यावर हे काटे झटकन उठत नाहीत, सावकाश वर येतात. आता बॅटरीचा दाब काही स्थिर नसतो. उभ्या गाडीत साडेबारा, इंजिन चालू असताना चौदा. पट्टीला थेट बॅटरी जोडली तर ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल वाढलेलं दिसेल! म्हणून मध्ये एक रेग्युलेटर असतो. तोही तसाच, तापून वाकणाऱ्या पट्टीचा. तापला की संपर्क तोडतो, थंड झाला की जोडतो. अशी उघडझाप करत तो मीटरना सरासरी सात व्होल्टच्या आसपास दाब देतो. जिप्सीत हा रेग्युलेटर वेगळा डबीत नसतो, पेट्रोलच्या मीटरच्या पोटातच असतो, आणि टेम्परेचरचं मीटरही त्याच्याच जिवावर चालतं.

खरी मेख इथेच आहे. रेग्युलेटरची पट्टी तापायची तर तिच्या तारेतून करंट वाहून पुढे अर्थला गेला पाहिजे. अर्थ नसेल तर पट्टी तापत नाही, संपर्क तुटत नाही आणि दोन्ही मीटरना सातऐवजी पूर्ण बारा-चौदा व्होल्ट मिळतात. दोन्ही काटे एकदम वर.

मग दिवसा का चालतं? अर्थ तर दिवसाही तुटलेलीच आहे.

ओढ्याला बांध घातला की पाणी थांबत नाही, शेजारच्या वावरातून वाट काढतं. करंटचंही तसंच. मीटरमधले बरेचसे बल्ब, म्हणजे उजेडाचे, इंडिकेटरचे, अपरचा निळा, एका बाजूने मीटरच्या त्याच अर्थला जोडलेले असतात. दिवसा दिवे बंद असतात, तेव्हा रेग्युलेटरचा करंट उजेडाच्या बल्बमधून उलटा शिरतो, पार्किंग लाइटच्या वायरीने मागच्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथल्या फिलामेंटमधून बॉडीला पोहोचतो. करंट इतका थोडा असतो की कुठलाच बल्ब पेटत नाही, पण रेग्युलेटरचं काम भागतं. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे.

रात्री तुम्ही दिवे लावता. आता त्याच वायरीत बॅटरीचे बारा व्होल्ट येतात, म्हणजे जी परतीची वाट होती तीच बंद होते. शिवाय उजेडाच्या बल्बांचा करंटही अडकतो आणि बाहेर पडायला इंडिकेटरच्या बाणांमधून वाट शोधतो. म्हणून बाण मंद उजळतात आणि उजेड मिणमिणतो, कारण दोन-तीन बल्ब एकामागे एक लागले आणि दाब सगळ्यांत वाटला गेला. इंडिकेटर दिला की ती वाट उघडते-मिटते, म्हणून उजेड लुकलुकतो. आणि रेग्युलेटरला अर्थ न मिळाल्याने काटे चढतात.

म्हणजे तुमची चारही लक्षणं एका तुटक्या वायरीची आहेत. मेकॅनिकला दोष देऊ नका. गाडी गॅरेजला दिवसा जाते, दिवे लावून टेम्परेचरचा काटा कोण बघतो? त्याने ‘काटा लाल पट्टीत जातो’ एवढंच ऐकलं आणि इंजिनाकडे धाव घेतली.

तरीही एक खबरदारी. मीटर खोटं बोलतंय हे ठरवण्याआधी इंजिन खरंच तापत नाही ना, ते बघून घ्या. काटा लाल पट्टीत गेला की गाडी बाजूला घ्या, दिवे बंद करा, इंजिन चालूच ठेवा. चार-पाच मिनिटांत काटा आपोआप मधोमध आला तर खोटं. नाही आला तर इंजिन बंद करून बॉनेट उघडा आणि त्याला खरं तापलेलं समजा. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडू नका, एवढं तरी ऐका. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा वाकलं की खर्च कुठल्या कुठे जातो. कुंभार्ली घाटात अर्ध्या रात्री ‘मीटर खोटंच आहे’ म्हणून गाडी रेटणारा एक जण माझ्याकडे टो होऊन आला होता. त्याचं मीटर खरं होतं.

आता तपासणी. लागणारं साहित्य: साधं मल्टीमीटर, दोन मीटर वायर, दोन चिमटे, आणि मीटरच्या उजेडासाठी लागतो तसा 3.4 वॅटचा एक बल्ब होल्डरसकट. टेस्ट लॅम्प असला तर चांगलंच. पण फक्त तुमच्या गाडीला. नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) जिप्सीत ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे, जाणाऱ्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका, तिथे फक्त मल्टीमीटर.

बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. मीटर डॅशबोर्डमधून बाहेर काढायचं तर मागची स्पीडोमीटरची केबल आधी सोडवावी लागते. ती हाताने चाचपून निघते, ओढू नका. कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढताना वायरी धरून ओढू नका, कपलरची कळ दाबून काढा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं. कोणता कपलर कुठे होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मीटरच्या पाठीवर तांब्याच्या पट्ट्या छापलेला पातळ प्लास्टिकचा पडदा दिसेल, आम्ही त्याला ‘प्रिंट’ म्हणतो. उजेडाच्या आणि इंडिकेटरच्या बल्बांची एक बाजू ज्या रुंद पट्टीला जाऊन मिळते ती अर्थची पट्टी. ती कपलरच्या ज्या पिनेला जाते ती पीन तुमची. वायरीच्या रंगावर विसंबू नका. कंपनीचं वायरिंग शाबूत असेल तर अर्थची वायर काळी मिळेल, पण या वयाच्या गाडीत तीन इलेक्ट्रिशियनांचे हात लागलेले असतात आणि प्रत्येकाने हाताशी होती ती वायर घातलेली असते. लाल वायर अर्थला लावलेली मी कितीदा पाहिली आहे.

कपलर परत जोडा, मीटर मांडीवर घेतल्यासारखं लोंबतं ठेवा (खालून कुठल्या लोखंडाला पाठ टेकू देऊ नका, मध्ये फडकं घाला), बॅटरी जोडा, चावी ऑन, पार्किंग लाइट ऑन. मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लांब वायर घेऊन. बॉडीवर नाही, खांबावर. लाल प्रोब अर्थच्या त्या पिनेवर. अर्थ चांगली असेल तर आकडा 0.1 व्होल्टच्या आत येईल. तुमच्या गाडीत तो पाच-सहा किंवा त्याहून जास्त येईल असं मला वाटतं.

लोक इथे एक चूक करतात. मल्टीमीटर ‘टूं’ आवाजावर ठेवतात, अर्थची वायर आणि बॉडी तपासतात, आवाज येतो आणि म्हणतात अर्थ बरोबर आहे. आवाजासाठी मल्टीमीटर नखभर करंट सोडतो. दहा तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी तो वाजतो. प्रत्यक्ष दिवे लागल्यावर त्या एका तारेतून काय जाणार? म्हणून अर्थ नेहमी लोड देऊन, व्होल्टमध्येच मोजायची.

आकडा जास्त आला की दुरुस्ती करण्याआधी खात्री. दोन मीटरची वायर घ्या, एक टोक अर्थच्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. डॅशबोर्डचा उजेड एकदम लख्ख झाला, हिरवे बाण विझले आणि दोन मिनिटांत काटे खाली आले की झालं.

मग खरी जागा शोधा. डॅशबोर्डखाली मीटरच्या वायरिंगमधून निघून बॉडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेला काळ्या वायरींचा झुबका असतो. गाडीगणिक जागा थोडी इकडेतिकडे असते, वायरिंगच्या मागे मागे हाताने चाचपत जा. बहुतेक वेळा थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) पत्र्याला लागलेलं असतं तिथेच गंज असतो, किंवा थिंबलच्या गळ्यात वायर काळी पडून तुटलेली असते आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत असतं. खड्ड्यात आदळल्यावर तुमची गाडी सुधारते ती यामुळेच. तुटलेली टोकं थोडा वेळ एकमेकांना टेकतात.

आमच्याकडे, चिपळूणला, 22 जुलै 2021च्या पुरानंतर या कामाची जत्रा भरली होती. गाड्या धुतल्या, ऑइल बदललं, सेल्फ उघडला, गाड्या चालू झाल्या. लोक खूश. मग सहा महिन्यांनी, वर्षाने एकेक गाडी परत यायला लागली. एकीचं मीटर बंद, दुसरीचा वायपर दिवे लावल्यावर हळू, तिसरीचा हॉर्न वाजवला की मीटर नाचतं. गाळाचं पाणी कपलरच्या आत आणि वायरीच्या पोटात राहिलेलं असतं, ते आतून तांब्याला खात जातं. वायर सोलली की चकचकीत लालसर तांब्याऐवजी काळी-हिरवी भुकटी. तुमची गाडी पुरात नसेल, पण गुहागरला समुद्राची खारी हवा तेच काम करते, जरा सावकाश. तेव्हा वायर सोलल्यावर काळी निघाली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या वायरीला सोल्डर धरत नाही आणि धरलं तरी टिकत नाही.

दुरुस्तीत शहाणपणा करू नका, साधीच करा. दीड स्क्वेअर एमएमची नवी वायर, तिला दाबून बसवलेलं नवं थिंबल. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने घासून उघडा धातू काढा, दातेरी वॉशर घाला, नट-बोल्टने आवळा. गंजलेल्या पत्र्यात स्क्रू फिरवून ठेवू नका, तो सहा महिन्यांत ढिला होतो. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा जाड लेप. आधी लेप आणि मग आवळणं नव्हे. मी तर अशा गाड्यांत जुनी अर्थ दुरुस्त करतोच, वर एक स्वतंत्र वायर मीटरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हजवळ बॉडीला जिथे जाड वायर आवळलेली असते तिथे नेतो. दोनशे रुपयांत पंधरा वर्षांची निश्चिंती.

मीटर हातात आहेच तर प्रिंटही बघून घ्या. बल्बच्या होल्डरजवळ प्लास्टिक तपकिरी झालंय का, तांब्याची पट्टी उचलली गेलीये का, मीटरच्या खिळ्यांवरचे छोटे नट ढिले आहेत का. ते नट हळूच आवळा, जोर लावला तर आतला खिळा फिरतो आणि मीटर जातं. पट्ट्या शाळेतल्या खोडरबरने पुसा. पॉलिश पेपर इथे चालणार नाही, तांबंच निघून जाईल. उजेड कमी वाटतो म्हणून 5 वॅटचे बल्ब घालू नका, होल्डर वितळतात. अर्थ नीट झाल्यावर 3.4 वॅट पुरतो.

बॅटरीच्या लाल दिव्याचं मात्र वेगळं आहे. तुम्ही शेवटी लिहिलंय की चावी ऑन केल्यावर तो लागत नाही, पण ‘त्याने काही अडत नाही’. अडतं. तो नुसता इशाऱ्याचा दिवा नाही. डायनमोला (अल्टरनेटर म्हणा) सुरुवातीला जो थोडा करंट लागतो तो या बल्बमधूनच जातो. बल्ब गेला तर डायनमो गाडी सुरू झाल्यावर लगेच चार्जिंग धरत नाही, कधी बराच रेस दिल्यावर धरतो, कधी धरतच नाही. कुणी तिथे एलईडी बसवला असेल तर तोही काढा, त्यातून पुरेसा करंट जात नाही. साधा फिलामेंटचा बल्ब घाला. मग इंजिन चालू करून बॅटरीच्या खांबांवर मोजा, 13.8 ते 14.4च्या दरम्यान आलं पाहिजे.

हेडलाइटबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण फोटोत 100/90 वॅटचे बल्ब दिसले. साध्या 60/55च्या दोन बल्बांना अपरवर दहा ॲम्पिअर लागतात, या दोघांना सोळा-सतरा. तो सगळा भार स्टिअरिंगवरच्या खटक्यातून आणि त्याच्या कपलरमधून जातो. रिले (मोठा भार स्वतःवर घेणारा वेगळा स्विच) टाकून घ्या नाहीतर मूळ बल्ब परत लावा. खटक्याचा कपलर हाताला गरम लागतोय का, ते आजच बघा. आणि फ्यूज उडतो म्हणून पंधराच्या जागी तीसचा घालणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, हे डॅशबोर्डला काडी लावण्यासारखंच आहे.

एवढं सगळं करूनही एखादाच काटा चुकत राहिला, दुसरा बरोबर, तरच सेन्सरकडे जा. दोन्ही चुकले तर दोघांत सामाईक जे आहे ते बघायचं, एकच चुकला तर त्याचं स्वतःचं. टाकीच्या युनिटचा कपलर सोडवून ओहममध्ये मोजा: टाकी भरलेली असताना जेमतेम काही ओहम, रिकामी असताना शंभराच्या थोडं वर. टेम्परेचरचा सेन्सरही तसाच, तापेल तसा त्याचा ओहम घटतो. 80 अंशांना पन्नासच्या आसपास, उकळत्या पाण्यात तिशीच्या आत. सेन्सरची वायर थेट बॉडीला टेकवून काटा उठतो का हे बघायची पद्धत सगळीकडे आहे. मीही शिकाऊ असताना तसंच करायचो आणि एक मीटर जाळलं. मध्ये तो 3.4 वॅटचा बल्ब घाला, काटा उठायला लागला की मीटर आणि वायर चांगली. टाकीजवळ मात्र ठिणगीचं कुठलंच काम नको, तिथे फक्त ओहम मोजा.

तुमच्या नव्या टेम्परेचर सेन्सरच्या आट्यांवर कुणी पांढरी टेप गुंडाळली आहे का तेही बघा. सेन्सरला अर्थ मिळते ती आट्यांमधून, इंजिनाच्या धातूतून. टेप जास्त झाली की काटा खरोखर तापल्यावरही खालीच राहतो, आणि हे खोटं जास्त महागात पडतं. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची वायरही तपासा. ती गेली की सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल गरम लागते, कारण बिचारी तीच अर्थचं काम करत असते.

स्पीडोमीटरचा काटा थरथरतो असंही लिहिलंय. त्याचा विजेशी काही संबंध नाही, केबल कोरडी पडली आहे. काढून रॉकेलने धुवा, हलकं ग्रीस लावा, मीटरकडच्या टोकाला चार बोटं कोरडं सोडा, नाहीतर ग्रीस मीटरच्या आत चढतं.

थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. त्याच्याशिवाय इंजिन थंड पळतं आणि पेट्रोल जास्त पितं. आणि काढलेला जुना टेम्परेचर सेन्सर गॅरेजमधून मागून आणा. तो चांगला असणार.